माझ्या सतरा फायली

३ मार्च, मंगळवार

आज माझा धाकटा दीर माझा साहेब झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. पहिल्या रांगेत बसवलं होतं, न वाजवून जाते कुठे?

रक्तपेढीच्या सर्व्हरांवर जो बदल करायचा तो मी अकरा वर्षं एका जाड रजिस्टरात हातानं टिपत आले. नव्या साहेबांनी खुर्चीत बसल्या बसल्या पहिला हुकूम काढला तो हाच, की रजिस्टर बंद. यापुढे सगळं कॉम्प्युटरवरच्या फॉर्मात आणि फक्त त्यांच्या सहीनं. निम्मी पानं कोरी होती. उचललं, पिशवीत घातलं आणि घरी आणलं. आता यात सर्व्हर लिहायचे नाहीत, माणसं लिहायची.

अधीक्षक भाषणात म्हणाले, आपल्या पेढीची यंत्रणा इतकी वर्षं एकदाही बंद पडली नाही, त्याचं श्रेय या गृहस्थांनी स्वतःच्या डोक्यानं केलेल्या सतरा बदलांना आहे. सतरा! मोजून माझे सतरा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊजी बाजूला मान खाली घालून उभे. मला वाटलं, आता तरी तोंड उघडतील, सांगतील की हे वहिनींचं काम आहे. एक शब्द नाही. घसा खाकरला, आभार मानले, बसले. याच माणसाला मी जेवणाच्या टेबलावर समोर बसवून शिकवलं. माझ्याच शब्दावर नोकरीला लागला.

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, डोळ्याला भिंग लावलं की बायको काय, भूकंप झाला तरी वर बघायचे नाहीत. म्हणाले, "पेढीची तपासणी होऊन जाऊ दे गं. मग बोलू." तपासणीचा आणि याचा काय संबंध, म्हणून विचारलं तर पुन्हा घड्याळात.

५ मार्च, गुरुवार

सतरा फायली म्हणजे काय ते एकदा लिहून ठेवते. उद्या कुणाच्या हाती हे पडलं तर मला वेड लागलं होतं असं वाटायला नको.

सर्व्हरवर पडद्यामागे चालणारे प्रोग्राम असतात, त्यांना सर्व्हिस म्हणतात. दिसत नाहीत, पण सगळा गाडा तेच ओढतात. आमच्याकडे त्यांतला एक पेढीतल्या सगळ्या फ्रिजचं तापमान दर मिनिटाला बघतो. एखादा फ्रिज तापायला लागला तर भिंतीवरची घंटा वाजवतो आणि ताईच्या फोनवर निरोप पाठवतो. ताई म्हणजे पेढीची तंत्रज्ञ, रक्ताच्या पिशव्या तिच्या ताब्यात. या प्रोग्रामला मी पहारेकरी म्हणते. पहारेकरी कंपनीनं बनवून दिलेला आणि मुळातच अशक्त. चार-पाच पडद्यांवरून एकदम तापमानाचा तक्ता उघडला की चक्कर येऊन पडतो. आठवड्यातून तीन-चारदा तरी. पडला की पडूनच राहायचा, कारण कंपनीच्या सेटिंगमध्ये त्याला उठवायची सोयच नाही.

कंपनीच्या फायलीला हात लावायचा नसतो. पुढचं अपडेट आलं की ती नवी होऊन येते आणि आपली मेहनत पाण्यात जाते. तिच्या शेजारी आपली एक छोटी फाइल ठेवायची. त्यात जेवढं वेगळं हवं तेवढंच लिहायचं, दोन नाहीतर तीन ओळी. सर्व्हर आधी कंपनीचं वाचतो, मग आपलं, आणि ऐकतो आपलं. माझ्या फायलीत एवढंच आहे, की हा पडला तर पाच सेकंदांनी पुन्हा उभा कर. सहा वर्षं तो पडतोय आणि उठतोय, आणि कुणाला गंधवार्ता नाही. अशा सतरा फायली सतरा प्रोग्रामांच्या उशाशी ठेवल्यात मी. कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर अजून परवानगीच येत असती.

भाऊजींना हे शिकवताना एक गोष्ट डोक्यात शिरायला महिना लागला होता. फाइल बदलून भागत नाही. बदलल्यावर सर्व्हरला 'पुन्हा वाच' असं सांगावं लागतं, नाहीतर तो जुनंच धरून बसतो, थेट मशीन बंद करून चालू करेपर्यंत. हे दर वेळी विसरायचे आणि तोंड पाडून यायचे, की वहिनी, बदललं तरी काही होत नाही. मी डोक्यात टपली मारायचे. त्या टपलीची आज आठवण झाली की हात शिवशिवतात.

१२ मार्च, गुरुवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. एप्रिलमध्ये बाहेरून तपासनीस बाई येणार आहेत, त्यांनी त्या सतरा बदलांबद्दल काही विचारलं तर माझ्याकडे पाठवा, तुम्ही काही बोलू नका, असं म्हणाले. वर पुन्हा, "वहिनी, एवढं माझं ऐका." म्हणजे चोरी तर चोरी, शिवाय ज्याच्या घरी चोरी झाली त्यानं गप्प बसायचं. मी म्हटलं, बरं साहेब. 'साहेब' ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला. उतरू दे.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, धाकटा वाळलाय गं, जेवण जात नाही त्याला. खुर्ची पचायला जड जात असेल, असं मी म्हणणार होते. भाजी चिरत गप्प बसले. भाजी जरा बारीकच चिरली गेली.

२४ मार्च, मंगळवार

आज जे सापडलं त्यानं मला झोप येईल असं वाटत नाही.

घरच्या कपाटात जुन्या पावत्या शोधत होते. एका फोल्डरमध्ये पत्राचं दुसरं पान हाती लागलं. पहिलं पान कुणीतरी काढून घेतलेलं, टाचणीचं भोक तेवढं राहिलेलं. दुसऱ्या पानावर भाऊजींच्या अक्षरात, "वर नमूद केलेले सर्व सतरा बदल माझ्या हातचे असून त्यांची पूर्ण जबाबदारी माझी आहे." खाली सही. तारीख नोव्हेंबरची. सोबत सतरा पानं, प्रत्येक फाइल का लागली याची. प्रत्येक कारण माझं. माझी वाक्यं, माझ्या तोंडची उदाहरणंसुद्धा.

म्हणजे त्या दिवशी नुसता मूग गिळून बसला नव्हता. चार महिने आधीपासून खुर्चीवर डोळा ठेवून होता. आणि इकडे रोज सकाळी वरच्या मजल्यावरून उतरताना जिन्यात, वहिनी चहा झाला का!

यांच्यापुढे पान आपटलं. यांनी पहिल्यांदा भिंग काढलं. म्हणाले, नोव्हेंबरात तो पत्र घेऊन माझ्याकडे आला होता, त्या पत्रात काय होतं ते... मी पुढचं ऐकलंच नाही. भावाची वकिली माझ्यासमोर करायची नाही, असं ठणकावून सांगितलं. यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. घड्याळात बघतच म्हणाले, "मी त्याला शब्द दिलाय म्हणून, नाहीतर..." द्या, शब्द द्या. घरात सगळे एकमेकांना शब्द देताहेत, फक्त मला कुणी विचारत नाही.

२ एप्रिल, गुरुवार

ठरलं. नऊ तारखेला तपासणी आहे. अधीक्षक, तपासनीस बाई आणि खुर्चीतले आमचे साहेब पेढीच्या मोठ्या पडद्यासमोर उभे राहणार. पाच-सहा जण एकदम तक्ता उघडणार म्हणजे पहारेकरी पडणार, यात शंका नाही. फक्त या वेळी त्याला उठवायला कुणी नसेल. सगळ्यांसमोर पडदा काळा होईल आणि मग विचारू देत याला, की तुमच्याच फायली ना, मग उठवा. कसं उठवायचं ते याला येतं, पण घाम फुटल्यावर येतं का ते बघायचंय मला.

पाप-पुण्याचा विचार केला, नाही असं नाही. ताई तिथेच असणार, प्रत्येक फ्रिजच्या दारावर साधा तापमापक आहेच. रक्ताला धक्का लागायचा नाही. दहा मिनिटं एका माणसाचं नाक कापलं जाईल, बस्स. अकरा वर्षांच्या कामाबद्दल मला दहा मिनिटं तरी मिळायला हवीत.

८ एप्रिल, बुधवार

केलं.

साहेबांनी उद्याची रजा घ्या म्हणून आग्रह धरलाय. मी बाईंच्या समोर नको आहे ना! घेतली रजा, आनंदानं घेतली. दुपारी सगळे हॉल आवरायला गेले तेव्हा पेढीच्या सर्व्हरवर बसले. पहारेकऱ्याची माझी फाइल उघडली. 'पडला तर उभा कर' होतं, तिथे 'उभा करू नकोस' केलं. एक शब्द. फाइल जतन केली. पुन्हा उघडून डोळ्यांनी खात्री केली. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली, खिडकी बंद केली आणि जागेवर येऊन बसले.

वाटेत केस कापून आले. उगाच. छान वाटत होतं.

९ एप्रिल, गुरुवार

सकाळपासून फोनकडे बघत बसले. अकरा वाजले, बारा वाजले. सासूबाईंनी दोनदा विचारलं, बरं नाही का गं? मी कपाट आवरलं, मग आवरलेलं कपाट पुन्हा आवरलं.

दोन वाजता राहवेना, ताईला फोन लावला. ती आनंदात. तपासणी झक्क झाली म्हणे. बाईंनी सगळे पडदे एकदम उघडायला लावले. पडदा दोनदा मिचकावला, पण पाच सेकंदांत परत आला, नेहमीसारखा. बाई खूश. साहेबांनी सतराही बदल एकेक करून समजावले, अगदी तुमच्यासारखं बोलतात हो ते, असं ताई म्हणाली.

पाच सेकंदांत परत आला म्हणजे फाइल पूर्ववत झालेली होती. म्हणजे त्यानं पाहिलं. माझा बदल पाहिला, गुपचूप काढून टाकला, आणि वर हसत हसत तपासणी पार पाडली. दुसरा अर्थच निघत नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

माझा अंदाज शंभर टक्के खरा. सकाळी गेले तर माझं लॉगिन पेढीच्या सर्व्हरवर चालेना. साहेब म्हणाले, बाईंचा अहवाल येईपर्यंत कुणीच आत जायचं नाही, मीसुद्धा गरजेशिवाय जाणार नाही. कुणीच नाही म्हणे! शहाजोगपणा बघा. सरळ म्हणायचं ना, की वहिनी, तुम्हाला रंगेहाथ पकडलं. पण नाही. हा मला मनातल्या मनात शिजवणार. आज डबा उघडून माझ्यापुढे सरकवला, घ्या ना, म्हणाला. मी उठून गेले.

२८ एप्रिल, मंगळवार

अठरा दिवस झाले. रोज वाटतं आज बोलेल, आज बोलेल. बोलत नाही. त्याच्या डोळ्यांत मला काही सापडत नाही, हेच मला खुपतं. एखादा इतका साळसूद असू शकतो?

आज अहवाल आला, स्वच्छ. संध्याकाळी स्वारी वरून खाली आली, दारात उभी राहिली. चेहरा मोकळा, पाच वर्षांपूर्वी नोकरी लागली तेव्हा होता तसा. म्हणाला, "सुटलो, वहिनी. आता तुमच्याशी एकदा नीट बोलायचंय." मला माहीत होतं काय बोलायचंय. तुम्ही फाइल बदललीत ती मी पाहिली, मोठ्या मनानं पोटात घातली, आता माझे उपकार माना. मी म्हटलं, साहेब, घरी भेटायचं तर माझी वेळ घ्यावी लागते. आणि दार लावून घेतलं. तो बाहेर बराच वेळ उभा होता. मग जिन्यावर पावलं वाजली, सावकाश. हे म्हणाले, ऐकून तरी घ्यायचंस. मी म्हटलं, ऑफिसात असेन त्यांच्या हाताखाली, घरी नाही.

१२ मे, मंगळवार

कसं लिहू कळत नाही.

रविवारी बॅटऱ्या बदलण्यासाठी पेढीचे सगळे सर्व्हर तासभर बंद करून पुन्हा चालू केले होते. आज सकाळी पोचले तर पेढीच्या दारात गर्दी. मोठा फ्रिज सोमवारी संध्याकाळीच बंद पडलेला. घंटा वाजली नाही. ताईच्या फोनवर निरोप गेला नाही. सत्तावन्न पिशव्या गेल्या. ताई एकेक पिशवी उचलून नंबर वाचत होती आणि टाकाऊच्या डब्यात ठेवत होती. तिचा आवाज अगदी सपाट होता. एका पोरीची आजची शस्त्रक्रिया पुढे ढकलली, तिच्या गटाच्या तीनच पिशव्या होत्या आणि तिन्ही त्यात. तिचा बाप बाकावर बसलेला होता, तो कुणाला काही विचारत नव्हता.

भाऊजी सर्व्हरसमोर. मी मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर लिहिलेलं, पहारेकरी सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पडला, उठवलेला नाही. आणि खाली माझी फाइल उघडलेली. 'उभा करू नकोस.' तारीख आठ एप्रिल.

त्यानं काही काढलं नव्हतं. त्यानं काही पाहिलंच नव्हतं. पावलं वाजली म्हणून मी घाईत उठले आणि 'पुन्हा वाच' सांगायचं राहिलं. मी! ज्या चुकीसाठी त्याला टपल्या मारल्या ती मी केली. सर्व्हर महिनाभर जुनंच धरून बसला होता, रविवारी बंद होऊन चालू झाला तेव्हा त्यानं माझी ओळ वाचली आणि इमानानं पाळली.

हे सगळं खरं. पण प्रामाणिक राहायचं ठरवलंय तर हेही लिहिते, की त्याच क्षणी कुठंतरी आत वाटलं, अडकला. सतरा फायली स्वतःच्या म्हणून लिहून दिलंय ना, मग हीसुद्धा त्याचीच. त्या बापाकडे बघून असं कसं वाटू शकतं? वाटलं. लिहिलं.

१३ मे, बुधवार

जिन्यात गाठलं त्यानं. खालच्या आवाजात विचारलं, "वहिनी, आठ एप्रिलला दुपारी तुम्ही पेढीच्या सर्व्हरवर होतात का?" मी सरळ डोळ्यात बघून म्हटलं, "मला काय विचारता? फायली तुमच्याच ना?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. नुसती मान हलवली, जणू मी काहीतरी पटण्यासारखं बोलले होते, आणि वर गेला.

१५ मे, शुक्रवार

अधीक्षकांच्या कारकुनाकडून कळलं. भाऊजींनी लेखी देऊन टाकलंय, की आठ एप्रिलचा बदल माझ्याच हातून चुकीनं झाला, अन्य कुणाचा संबंध नाही. सोमवारी चौकशी समिती बसणार, पण ते नावापुरतंच, गुन्हेगारानं कबूल केलंय.

मला आनंद व्हायला हवा होता. दिवसभर वाट बघितली, झाला नाही. उलट दुपारनंतर जे डोक्यात भणभणायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. माझं काम त्याच्या नावावर. माझी सतरा कारणं त्याच्या नावावर. आणि आता माझा सूडसुद्धा त्याच्याच नावावर? महिनाभर मी जळले, रात्र रात्र जागले, जे करायला नको होतं ते केलं, आणि कागदावर काय, तर साहेबांची नजरचूक! या माणसानं माझं म्हणून काही ठेवायचंच नाही असं ठरवलंय का?

नाही. हे मी होऊ देणार नाही. एक तरी गोष्ट या ऑफिसच्या दप्तरात माझ्या नावानं लागेल.

१८ मे, सोमवार

गेले. बोलावणं नसताना दार ढकलून आत गेले. टेबलापलीकडे अधीक्षक आणि बाहेरचे दोन सदस्य, अलीकडे भाऊजी एकटे. मी उभ्या उभ्या सांगितलं, आठ एप्रिलची फाइल मी बदलली. चुकून नाही, ठरवून. यांचं नाक कापायचं होतं म्हणून. आणि ही एकच नाही, सतराच्या सतरा फायली माझ्या आहेत. पहिल्यापासून. यांनी एकही ओळ लिहिलेली नाही.

किती महिने हे वाक्य तोंडात घोळवलं होतं! बोलताना आवाज जराही कापला नाही. भाऊजींनी डोळे मिटून घेतले.

सदस्यांतल्या वयस्कर बाईंनी चष्मा लावला, समोरच्या जाड फायलीतून एक कागद काढला. म्हणाल्या, म्हणजे नोव्हेंबरातलं हे उत्तरही खोटं तर. आणि कागद माझ्याकडे सरकवला. उत्तराला वर टाचलेलं ते पहिलं पान होतं, मला न सापडलेलं. बाहेरच्या तपासणीचं पत्र. रुग्णांच्या जिवाशी संबंधित सर्व्हरवर विनापरवानगी सतरा बदल आढळले आहेत. असे बदल करणाऱ्या व्यक्तीस सेवेतून काढावे. सात दिवसांत नाव कळवावे, न कळवल्यास विभागातील सर्वांत जुन्या कर्मचाऱ्यास जबाबदार धरावे.

विभागात सर्वांत जुनी मी.

त्या पत्राला हे उत्तर होतं. माझ्या हातचे, जबाबदारी माझी. सतरा पानं त्यानं खुर्चीसाठी लिहिली नव्हती. ती वाचून अधीक्षकांचं मत फिरलं, शिक्षेच्या जागी शाबासकी मिळाली, पुढे खुर्चीही. यातलं त्याला पत्र लिहिताना काय ठाऊक असणार? आणि मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं ते मलाच ठाऊक आहे. पदर खोचून गेले असते, माझ्या फायली म्हणून. आज गेले तशीच.

बाहेर व्हरांड्यात आम्ही दोघं. भाऊजी म्हणाले, "माझ्यावर राग होता तर माझ्यावर काढायचात, वहिनी. पिशव्यांवर कशाला काढलात?" आणि चालायला लागले.

२७ मे, बुधवार

आज दोन लिफाफे आले. माझ्यात अपेक्षेप्रमाणे, सेवेतून काढलं आहे. चौकशी पुढेही चालू राहील. भाऊजींच्यात, लेखी खोटं निवेदन दिल्याबद्दल खुर्ची गेली, नोकरीही गेली. माझ्या खरं बोलण्यानं त्यांचं खोटं उघडं पडलं. मला मार्चपासून जे जे हवं होतं ते सगळं एकूण एक झालं.

त्यांचा लिफाफा मीच घेऊन वर गेले. किती दिवसांनी तो जिना चढले. त्यांनी वाचला, घडी केली, बाजूला ठेवला. बसा म्हणाले नाहीत, जा पण म्हणाले नाहीत. मी बसले. मला क्षमा मागायची होती, मागता आली नाही.

ते म्हणाले, कंपनीचा माणूस सोमवारपासून बसणार आहे, पहिल्या दिवशी सगळ्या छोट्या फायली काढून मूळ सेटिंग करणार. म्हणजे पहारेकरी पुन्हा पडणार आणि पडून राहणार. मी त्याच क्षणी हाच विचार करत होते. दोघांनाही आता त्या इमारतीत पाऊल टाकता येत नाही. मग एवढंच उरलं, की ताईनं दर तासाला फ्रिजच्या दारावरचा तापमापक डोळ्यांनी वाचायचा आणि वहीत लिहायचा. आणि पडदा दोन मिनिटं काळा राहिला तर पहारेकरी पडला असं धरून कंपनीच्या माणसाला बोलवायचं. हे मी सांगितलं. भाऊजी म्हणाले, लावा फोन.

मी लावला. ताईनं उचलला, माझा आवाज ओळखला आणि ठेवून दिला.

मग भाऊजींनी त्यांच्या फोनवरून लावला. त्यांचा घेतला. मी समोर बसून ऐकत होते. तासाला एकदा, वहीत, दोन मिनिटं, सगळं त्यांनी माझ्याच शब्दांत सांगितलं. पलीकडून ताईनं काहीतरी विचारलं. भाऊजींनी फोनवर हात ठेवला. माझ्याकडे बघून हलकेच म्हणाले, विचारतेय की हे कुणी सुचवलं.

मी त्यांच्याकडे बोट केलं.

"मीच सुचवतोय," भाऊजी फोनवर म्हणाले. "लिहून घे."